एक, दोन, तीन आणि मिसप्रिंट

११ सप्टेंबर. कुकर लावलेला, आणि नववीच्या चाचणीचे बेचाळीस पेपर तपासायचे. मी पेपर उभ्याने तपासते. ओट्याच्या एका कडेला गठ्ठा, हातात लाल पेन, मध्येच गॅस बारीक करायचा, पुन्हा पान उलटायचं. बसलं की मला सुचत नाही. वर्गातही पंचवीस वर्षांत मी खुर्चीवर बसलेली नाही. खुर्ची आहे, तिच्यावर डस्टर आणि हजेरीवही असते.

त्या दिवशी चौथ्या प्रश्नापाशी हात अडखळायला लागला. x³ − 16x² + 83x − 140, अवयव पाडा. पहिल्याच पेपरात मुलीने चार-पाच ओळी करून खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘मिसप्रिंट’. त्याखाली पट्टीने दोन रेघा. दुसऱ्या पेपरात तेच. तिसऱ्यात तेच. सहाव्या पेपराला मला वाटलं, टाईप करताना माझंच चिन्ह चुकलं असेल. पाठकोऱ्या कागदावर करून पाहिलं. x च्या जागी चार घातले, शून्य आलं. गणित बरोबर होतं. चार, पाच आणि सात, अशी सरळ तीन उत्तरं. बेचाळीसपैकी एकतीस मुलं एक, दोन, तीन करून चारच्या दारापर्यंत आली होती आणि तिथून परत गेली होती.

राग आला. पण तो काढणार कोणावर? ‘मिसप्रिंट’ हा शब्द त्यांना मीच दिला होता.

दहावीनंतर ज्यांनी गणिताशी संबंध ठेवला नाही त्यांच्यासाठी आमचा धंदा थोडक्यात सांगते. जिच्यात x चा मोठ्यात मोठा घात तीन असतो ती घन बहुपदी. तिचे अवयव पाडायचे, म्हणजे तीन छोट्या कंसांचा गुणाकार करून ती मांडायची. तीस म्हणजे दोन गुणिले तीन गुणिले पाच, तसंच. घात दोन असेल तर सूत्र आहे. आकडे घातले की उत्तर पडतं. घनाला शाळेत सूत्र नाही. तिथे पहिलं उत्तर अंदाजानेच शोधावं लागतं. x च्या जागी एखादी संख्या घालायची. सगळं मिळून शून्य झालं तर ती संख्या उत्तर. एक उत्तर हाताला लागलं की x च्या आधीचे नुसते आकडे, ज्यांना आम्ही सहगुणक म्हणतो, ते एका ओळीत मांडून झटपट भागाकार करायचा. घनाचा वर्ग होतो, आणि वर्ग कोणालाही जमतो. म्हणजे खरी कामगिरी त्या पहिल्या अंदाजाची. पुस्तकं हे ठळक अक्षरांत सांगत नाहीत.

सिडकोत आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर माझा क्लास आहे, आणि मी तिथे हा अंदाज विकते. सहगुणकांची बेरीज शून्य आली तर उत्तर एक. लिहायचीही गरज नाही, डोळ्यांनी बेरीज करायची. नाही आली तर उणे एक घाला. मग दोन, उणे दोन, तीन, उणे तीन. परीक्षेतली बहुतेक गणितं इथेच संपतात, कारण पेपर काढणाराही माणूसच असतो आणि त्यालाही घरी जायचं असतं. माझी मुलं पाऊण मिनिटात घन सोडवतात. जिन्यावरच्या बोर्डावर तसं लिहिलेलंच आहे.

चुका ठरलेल्या असतात. सगळ्यात जुनी चूक शून्याची. x³ − 7x + 6 यात x² दिसतच नाही. नाही म्हणजे त्याचा सहगुणक शून्य, आणि तो शून्य ओळीत मांडावा लागतो. विशाल नावाचा एक हुशार पण घाईतला मुलगा होता. त्याने एक, उणे सात, सहा एवढेच मांडले. गंमत अशी की बाकी तरीही शून्य आली आणि त्याने खुशीत लिहिलं, (x − 1)(x − 6). मी म्हटलं, दोन कंस गुणून बघ. त्याने गुणले. घन गायब, वर्ग शिल्लक. तो म्हणाला, “मॅडम, पण बाकी शून्य आली होती.” बाकी शून्य आली की पोरं पुढचं काही तपासत नाहीत. मोठी माणसंही तपासत नाहीत, हे मला पुढे कळायचं होतं.

मिसप्रिंटचा नियम त्यानंतरचा. एका वर्षी परीक्षेत खरोखरच एक चिन्ह उलटं छापलं होतं. माझ्या मुलांनी त्या गणितावर वीस-वीस मिनिटं घालवली. एक मुलगी तर पेपर अर्धवट टाकून बाहेर आली. नंतर त्या प्रश्नाला ज्यांनी हात लावला होता त्यांना मार्क मिळाले, असं आम्ही ऐकलं. मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर चौकट काढली आणि आत लिहिलं: उणे तीन ते तीन, सगळं घालून पाहा. शून्य आलं नाही तर ‘मिसप्रिंट’ लिहा आणि पुढे चला. तेव्हापासून दर वर्षी पहिल्या आठवड्यात ही चौकट वहीत उतरवून दिली जाते. पालकांना ती फार आवडते. मुलांना गणितातून बाहेर पडायचा अधिकृत दरवाजा मिळतो. चार, पाच, सहा यासुद्धा संख्या आहेत, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण पाऊण मिनिटात तेवढं बसत नाही.

या चौकटीला आजवर एकाच विद्यार्थ्याने हरकत घेतली होती. साळवे काका. पोस्टातून निवृत्त झालेले, आमच्याच पुढच्या कॉलनीत राहणारे. लहानपणी गणित अर्धवट राहिलं ते पूर्ण करायचंय म्हणाले आणि नववीच्या बॅचमध्ये शेवटच्या बाकावर येऊन बसले. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. मुलं सुरुवातीला हसली, मग त्यांच्याकडून पट्ट्या मागून घ्यायला लागली. चौकट उतरवून झाल्यावर काकांनी हात वर केला. उत्तर पूर्णांकात नसलंच तर काय करायचं, असं विचारलं. मी म्हटलं, काका, तसं परीक्षेत विचारत नाहीत.

“विचारत नसतील,” ते म्हणाले, “पण असतं ना?”

मी पुढचं गणित घेतलं. क्लास सुटल्यावर ते टेबलापाशी आले आणि पार्सलच्या वजनकाट्याचं सांगायला लागले. एका पारड्यात पार्सल, दुसऱ्यात वजनं. पाचशे टाकलं, कमी पडलं. किलो टाकलं, जास्त झालं. म्हणून कोणी पार्सल परत करत नाही. पाचशे आणि किलोच्या मधली वजनं लावतात. घनाचंही तसं करता येईल की, असं त्यांचं म्हणणं. मी हो हो म्हणाले. माझी पुढची बॅच जिन्यात उभी होती. मला हे येत नव्हतं असंही नाही. बी.एस्सी.ला होतं, चांगले मार्कही होते. पण अभ्यासक्रमात नसलेली गोष्ट डोक्यात ठेवायला मी जागाच ठेवली नव्हती.

दोन महिन्यांनी दोघा पालकांनी तक्रार केली की काकांच्या प्रश्नांनी बॅच मागे पडते. मी काकांना म्हटलं, तुम्ही रविवारी स्वतंत्र या. ते समजले. रविवारी आले नाहीत, नंतरही आले नाहीत. रस्त्यात भेटले की नमस्कार करतात. हे मी विसरले होते असं म्हणता येणार नाही. बाजूला ठेवलं होतं.

तर, एकतीस पेपर ओट्यावर आणि फोन वाजला.

“मॅडम, अर्चना बोलते. सिन्नरहून. दहावीला अन् डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होते तुमच्याकडं.”

मला चेहरा आठवेना. क्लासमधून इतक्या अर्चना जातात. तिला ते कळलं असावं. ती म्हणाली, “मिसप्रिंट सगळ्यात आधी ओळखायची, ती. तुम्ही मला उभं करून वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.”

मी गॅस बंद केला.

ती सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगचं काम करते. स्टीलच्या टाक्या बनवणारं वर्कशॉप. ड्रॉइंगच्या टेबलावर बसलेली तिथली पहिली मुलगी. आजवर त्यांच्याकडे दुधाच्या सरळ, उभ्या टाक्या व्हायच्या. अशा टाकीत किती लिटर आहे ते बघायला आत एक पट्टी उभी धरतात आणि तिच्यावर सारख्या अंतरावर खुणा असतात. टाकी खालपासून वरपर्यंत सारखीच रुंद, म्हणून खुणाही सारख्या. या मोसमात पिंपळगाव बसवंतच्या एका टोमॅटो प्रक्रिया युनिटसाठी त्यांनी पहिल्यांदाच गोल बुडाची कढई केली. अर्धा चेंडू उताणा ठेवावा तशी, साठ सेंटिमीटर खोल, साडेचारशे लिटरची. वाफेवर टोमॅटोचा रस आटवायची. रस चारशे लिटर घ्यायचा आणि पट्टीवर दोनशे दिसले की वाफ बंद करायची.

पट्टी अर्चनाने काढली होती. सारख्या अंतरावर. पहिल्याच दिवशी पट्टीवर दोनशे दिसेपर्यंत आटवलं तेव्हा कढईत प्रत्यक्षात एकशे पंधराच्या आसपास उरलं होतं. सगळा घाणा तळाला लागला. युनिटवाल्यांनी कढई घासून वीस लिटरचे पाच जार पाणी ओतलं. शंभर लिटर. पट्टी म्हणाली, एकशे शहाऐंशी.

“शेठ म्हणले, आज संध्याकाळी नवीन पट्टी लागली तर ठीक. नाय तर उद्यापासून येऊ नको.” तिचा आवाज अगदी सपाट होता. “मॅडम, मी फॉर्म्युला लावला होता. पण तो चुकीचा निघाला. मी तुमच्याकडं येऊ का?”

साडेअकराला ती माझ्या स्वयंपाकघरात होती. बारीक अंगाची, पाठीला सॅक, पायात वर्कशॉपचे जड बूट. ते तिने दाराबाहेर नीट जोडीने काढले. पोहे देत होते, नको म्हणाली. मी म्हटलं, पाणी ओतून खुणा का नाही केल्या? पंचवीस लिटर ओता, खूण करा. तिने मान खाली घातली. तिथल्या फिटर काकांनी पहिल्याच दिवशी तेच सुचवलं होतं. हिने सांगितलं होतं, नको, मी गणिताने काढते. आता कढई पिंपळगावात बसलेली, मोसम जोरात. दोन घाण्यांच्या मधे धुवायला अर्धा तास मिळतो. तेवढ्यात सोळा खुणा करणं शक्य नव्हतं. एकदा ओतून खात्री करता आली असती, तेवढंच.

तिने वही उघडली. सूत्र बरोबर होतं. खोली दहा-दहा सेंटिमीटरच्या मापात धरली तर शंभर लिटरसाठी समीकरण येतं h³ − 18h² + 95.5 = 0. तेही तिने बरोबर मांडलं होतं. मधलं h चं पद नाही म्हणून तिथे शून्यसुद्धा लिहिलं होतं. खाली ओळीने आकडे: एक घातल्यावर साडेअठ्ठ्याहत्तर. दोनला साडेएकतीस. तीनला उणे साडेएकोणचाळीस. मग उणे एक, उणे दोन, उणे तीन. त्याखाली सुवाच्य अक्षरात ‘मिसप्रिंट’. पट्टीने दोन रेघा.

मी ओट्यावरच्या गठ्ठ्याकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

“म्हणजे तुला वाटलं, सूत्रच चुकीचं छापलंय.”

“हो. मग नेहमीसारखी सरळ पट्टी काढली.”

“दोनला अधिक आलं आणि तीनला उणे. मधे काय झालं असेल?”

तिने त्या दोन आकड्यांवर बोट ठेवलं. मग म्हणाली, “शून्य ओलांडलं असेल.”

“मग मधे का नाही शोधलंस?”

“मॅडम, उत्तर पॉइंटमध्ये आलं की आपण गणित चुकलं समजायचो ना.” तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. पावसात छत्री घेतात इतक्या सहज सांगितलं.

मी तिला खुर्ची ओढून दिली, पुढे कॅल्क्युलेटर ठेवला आणि स्वतः ओट्यापासून दारापर्यंत फेऱ्या मारत सांगायला लागले. अडीच घाल. उणे एक आणि थोडं. म्हणजे जास्त झालं, खाली ये. दोन पॉइंट चार. अधिक साडेपाचच्या वर. म्हणजे कमी पडलं. उत्तर अडीचच्या जवळ आहे, दोन पॉइंट चारच्या नाही. दोन पॉइंट चार आठ घाल. शून्याच्या इतकं जवळ आलं की पुढे जाण्यात अर्थ नव्हता. चोवीस सेंटिमीटर आणि आठ मिलिमीटर. शंभर लिटरची खूण तिथे. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, मी साळवे काकांचा काटा चालवतेय. पाचशे कमी, किलो जास्त.

घनाची उत्तरं तीन असतात, हे तिला आठवत होतं. बाकीची दोन कुठली, असं तिने विचारलं. एक उणे निघालं. दुसरं पावणेदोन मीटरच्या पुढे, साठ सेंटिमीटरच्या कढईत. समीकरणाला कढईचा काठ कुठे संपतो ते माहीत नसतं. ते आपण बघायचं असतं. हे वाक्य मी पंचवीस वर्षांत एकाही वर्गात बोलले नव्हते, कारण वर्गात कधी कढईच नव्हती.

पहिली दोन मी करून घेतली, उरलेली चौदा तिने केली. मी फक्त तपासत होते. चौथ्यानंतर तिला युक्ती सापडली: आधीच्या खुणेपासून सुरुवात करायची, म्हणजे चाचपडणं कमी होतं. दीड वाजेपर्यंत तक्ता तयार झाला. पहिली पंचवीस लिटरची खूण जवळजवळ बारा सेंटिमीटरवर. शेवटच्या दोन खुणांमधे जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर. खाली निमुळती, वर रुंद, कढईचं अंग त्या आकड्यांतच दिसत होतं. तिने ते बोटाने मोजून पाहिलं आणि पहिल्यांदा पोहे मागितले.

अंबडच्या एका वर्कशॉपात लेझरने खुणा कोरून घेईपर्यंत चार वाजले. तिचे शेठ, सांगळे, पिकअप घेऊन तिथेच आले. मी परत फिरणार होते. पाच मिनिटं रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि मग गाडीत चढले. आकडे माझ्या टेबलावर निघाले होते. चुकले असते तर मला तिथे असायलाच हवं होतं.

हायवेला लागल्यावर सांगळे शेठ बोलायला लागले. अर्चना आमच्या दोघांच्या मधे, पट्टी मांडीवर उभी धरून.

“मॅडम, मी दहावी नापास हाय. पण कढई खाली निमुळती असती एवढं मला कळतं.”

मी म्हटलं, मग पट्टी होत होती तेव्हा का नाही बोललात?

“ती म्हनली, गणित केलंय. गणितापुढं मी काय बोलू?” ते पुढे म्हणाले, “फिटरबी गप बसला. गणिताचं नाव काढलं का सगळे गप.”

ओझर गेलं. मी खिडकीची काच खाली केली, वर केली. आकडे मनात पुन्हा करून पाहिले. सूत्र अर्ध्या चेंडूचं होतं. कढई खरंच अर्धा चेंडू आहे का, की ठोकताना चपटी झाली, हे कुठे माहीत होतं? दहा मिनिटांनी मी अर्चनाला विचारलं, खोली तू स्वतः मोजलीस ना? ती हो म्हणाली. आणखी दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं.

युनिटमध्ये घाणा नुकताच काढला होता. टोमॅटोच्या वाफेने सगळं दमट, जमीन धुतलेली. तिथल्या सुपरवायझरने घड्याळ दाखवलं, अर्धा तास. अर्चनाने बूट घट्ट बांधले, कढईच्या काठावर वाकली आणि पट्टी मधोमध उभी धरली. जार ओतायला सुरुवात झाली. एक. दोन. मी त्या ओल्या फरशीवर एवढ्या फेऱ्या मारल्या की सुपरवायझर म्हणाला, मॅडम, घसराल. पाचवा जार ओतला. पाणी हलत होतं. ते थांबेपर्यंत थांबावं लागलं.

अर्चना वाकून बघत होती. मग तिने मान वर केली. “शंभरला दोन मिलिमीटर कमी.”

सुपरवायझरने स्वतः वाकून पाहिलं. “ते चालंल. तीनशे बघा.”

आणखी दहा जार. सेहेचाळीस सेंटिमीटर तीन मिलिमीटरच्या रेघेवर पाणी टेकलं. अगदी टेकलं. मी जाऊन पाहिलं, मग वाकून पुन्हा एकदा पाहिलं.

सांगळे शेठनी जुनी पट्टी उचलून पिकअपमध्ये टाकली. अर्चनाकडे न बघता म्हणाले, “उद्या नऊला ये. नऊ म्हंजे नऊ.”

“हो, शेठ.”

“आन पुढच्या कढईला आधी पाणी, मंग गणित.”

“दोन्ही,” अर्चना म्हणाली. शेठनी मान हलवली. होकार होता की नकार, ते मला कळलं नाही. तिला कळलं असावं.

परतीच्या वाटेवर मी तिला म्हटलं, तो नियम माझा होता, चूक माझी आहे. आणखीही काही बोलायचं मनात होतं. तिने मला थांबवलं.

“असं नका म्हणू, मॅडम. त्या नियमानंच माझा पेपर वेळेत झाला होता. नाय तर डिप्लोमाला नंबर लागला नसता.”

ती समजूत काढत नव्हती. खरं तेच सांगत होती, म्हणूनच मला ते जड गेलं. सगळंच चुकलेलं असतं तर सोपं होतं, खोडून टाकता आलं असतं. माझ्या चौकटीने तिला त्या ड्रॉइंगच्या टेबलापर्यंत पोचवलं, आणि तिथे पोचल्यावर त्याच चौकटीने तिला अडवलं. अशा किती जणी कुठल्या टेबलांवर बसल्या आहेत, दोन आणि तीनच्या मधे बघायचं नसतं असं समजून, याचा मला अंदाज करता येईना. आणि अंदाज हा तर माझा धंदा.

घरी आले तेव्हा कुकर तसाच होता आणि गठ्ठाही. मी एकतीस पेपर पुन्हा काढले. आता मुलांनी मिसप्रिंटच्या वर काय लिहिलंय ते वाचलं. सकाळी मी नुसता शब्द वाचला होता. जवळजवळ प्रत्येकाने बरोबर केलं होतं. एक घातल्यावर उणे बहात्तर. दोनला उणे तीस. तीनला उणे आठ. बहात्तर, तीस, आठ. संख्या शून्याकडे धावत येत होती, मुलांनी ती स्वतःच्या हाताने लिहिली होती, आणि मी शिकवल्याप्रमाणे पेन खाली ठेवलं होतं. चौथ्या प्रश्नापुढे मी मार्क लिहिले नाहीत. शून्यही लिहिलं नाही. जागा मोकळी सोडली.

१२ सप्टेंबर. सकाळी सहा वाजता, मुलं यायच्या आधी, मी जिन्यावरच्या बोर्डाखाली उभी राहून तो वाचला आणि ‘पाऊण मिनिटात’ या शब्दांवर कागद चिकटवला. नवऱ्याने खालून विचारलं, काय चाललंय? मी म्हटलं, दुरुस्ती. साडेसहाला पेपर वाटले. अपेक्षेप्रमाणे मधल्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, मिसप्रिंटचे मार्क?”

वह्या उघडायला सांगितल्या. ती चौकट काढा, तिच्यावर आडवी रेघ मारा. कोणी मारेना. त्यांना वाटलं, मी परीक्षा घेतेय. मग मी फळ्यावर एकाखाली एक लिहिलं: १ ला −72, २ ला −30, ३ ला −8, आणि ४ पुढे काहीच नाही. कोणी तरी घड्याळाकडे बघितलं. मी डस्टर आणि हजेरीवही उचलून खिडकीत ठेवली, खुर्ची फळ्याच्या बाजूला ओढली आणि बसले.